उंबरठ्यापाशी भरणारा वर्ग

भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीचं नाव सार्वजनिक आरोग्यावरच्या प्रत्येक भाषणात येतं, अहवाल मात्र फार थोड्यांनी उघडलेला असतो. मी तो उघडला समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांच्यासाठी. नाशिकला जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले आयसीएस अधिकारी. पण पुढची कित्येक वर्षं मला धरून ठेवलं ते त्यांच्या समितीतल्या एका सदस्याने : जॉन ब्लॅक ग्रँट.

ग्रँट चीनमधल्या निंगपोचे, मिशनरी डॉक्टरचे चिरंजीव. पेकिंगच्या मेडिकल कॉलेजात ते सार्वजनिक आरोग्य शिकवत. शल्यचिकित्सा शिकायला जसा वॉर्ड हवा, तशी हा विषय शिकायला वस्तीच हवी, असा त्यांचा आग्रह. १९२५ साली त्यांनी शहराच्या पोलीसखात्याला सोबत घेऊन एका भागात आरोग्य केंद्र उघडलं आणि विद्यार्थ्यांना तिथे धाडलं. जन्ममृत्यूच्या नोंदी, लसीकरण, घरभेटी हाच अभ्यास. त्यांचे विद्यार्थी चेन झीच्यान यांनी पुढे तिंगश्येन या ग्रामीण भागात शेतकऱ्यांनाच आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. १९३९ साली ग्रँट कलकत्त्याच्या हायजीन इन्स्टिट्यूटचे संचालक झाले, तिथून समितीवर आले.

१९४६च्या अहवालात प्रत्येक विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं शिक्षण सुचवलं आहे. डॉक्टर ‘सामाजिक’ व्हावा म्हणून. मला त्यात ग्रँट दिसतात. पण त्याच अहवालाने लायसेन्शिएटांचा, म्हणजे पदवीऐवजी परवान्यावर डॉक्टरकी करणाऱ्यांचा, छोटा अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. तेव्हा देशातल्या सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार लायसेन्शिएट होते! सहा सदस्यांनी भिन्नमत नोंदवलं. मी त्या सहांच्या बाजूचा आहे. गावाकडे जाईल असा डॉक्टर घडवायचा, आणि आधीपासून जो जाऊ शकत होता त्याची वाट बंद करायची, हे मला आजही खटकतं.

गावाची ती वाट पुन्हा धरली सेवाग्रामने. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे मेडिकल कॉलेज काढलं. नवे विद्यार्थी आधी गांधींच्या आश्रमात राहतात, झाडलोट, श्रमदान करतात. मग अख्खी तुकडी एका गावात पंधरवडाभर मुक्काम करते. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात, आणि नंतरही त्याच घरी पुन:पुन्हा जायचं असतं. माझ्या लेखी या पुन्हा जाण्यातच सगळं आहे. एका दिवसाच्या शिबिरात रक्तदाब मोजून होतो, फोटो निघतात, बस परत फिरते.

२०२२पासून विद्यार्थ्यांना अशीच काही घरं वाटून देणारा ‘कुटुंब दत्तक’ उपक्रम देशभरच्या मेडिकल कॉलेजांत आला, याचा मला मनापासून आनंद आहे. ‘दत्तक’ हा शब्द तेवढा बदलावा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीने कुणाला दत्तक घ्यायचं? पहिल्या भेटीत घरातली बाई प्रश्नावलीची उत्तरं देते. पाचव्या भेटीत ‘जेवून जा गं’ म्हणते. पोरगी आत जाऊन बसते, आणि तिला चुलीचा धूर दिसतो, उघडा माठ दिसतो, सगळ्यांची पानं उठल्यावर टोपल्यात उरलेल्या भाकरीकडे वळणारा त्या बाईचा हात दिसतो.