प्रिंटर दिसत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी, परिचयाच्या वकिलांच्या कचेरीत मी बसलो होतो. समोरच्या बाकावर एक वृद्ध बाई आणि त्यांचा मुलगा. बक्षीसपत्राचा दस्त तयार होता, दुय्यम निबंधकांकडची वेळ साडेअकराची घेतलेली होती आणि घड्याळात अकरा वाजून गेले होते. इतक्यात आतल्या खोलीतून कारकुनांचा आवाज आला, "साहेब, प्रिंटर दिसत नाही."

प्रिंटर मला तर बसल्या जागेवरून दिसत होता! बाहेरच्या खोलीत, कपाटाशेजारी, हिरवा दिवा लावून स्वस्थ बसला होता. दिसत नव्हता तो आतल्या कॉम्प्युटरला. तीन-चार वेळा प्रिंटर बंद करून चालू केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, काही उपयोग नाही. शेवटी दस्त पेन ड्राइव्हवर घेऊन कारकून भर पावसात झेरॉक्सच्या दुकानाकडे धावले. आजींचे काम झाले, पण वकीलसाहेब संतापून म्हणाले, "हे डबडं काढून टाका. उद्या नवा प्रिंटर आणू."

नवा आणला असता तर तोही दिसला नसता. हे असे का, आणि अशा वेळी खिशात हात घालण्यापूर्वी काय तपासावे, हे आपल्याला सांगायचे आहे.

कॉम्प्युटरला प्रिंटर 'दिसतो' म्हणजे नेमके काय होते? कॉम्प्युटरला काही डोळे नसतात. तो कचेरीतल्या जाळ्यावर एक हाक देतो, "छपाई करणारं कोणी आहे का इथं?" ही हाक प्रिंटरच्या कानी पडली, की प्रिंटर उलट उत्तर देतो, "मी आहे. माझं नाव अमुक, माझा पत्ता तमुक." हाक सर्वांना उद्देशून असते, कारण प्रिंटरचा पत्ता आधी ठाऊकच नसतो. पूर्वी गावात दवंडी पिटत, तसाच हा प्रकार. ज्याच्या कामाची असेल तो पुढे येईल, बाकीचे आपापल्या कामाला लागतील.

ही दवंडीची पद्धत ॲपल कंपनीने २००२ साली आपल्या मॅक कॉम्प्युटरांत आणली. तिला आधी 'राँदेव्हू' म्हणत, २००५ पासून 'बाँझूर' म्हणू लागले. स्टुअर्ट चेशायर हे तिचे एक प्रमुख जनक. २०१३ साली तिचे नियम इंटरनेटच्या मानक-ग्रंथांत रीतसर प्रसिद्ध झाले. आयफोनवरून परस्पर छापण्याची जी सोय २०१० साली आली, तीही याच दवंडीवर चालते. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी आपली निराळी दवंडी काढली. ती निराळ्या पत्त्यावर आणि निराळ्या भाषेत पिटली जाते. त्यामुळे कधी कधी असे होते की साहेबांच्या आयफोनला प्रिंटर लगेच सापडतो आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला सापडत नाही. प्रिंटर तोच, पण एक दवंडी त्याच्यापर्यंत पोचते, दुसरी वाटेत कुठेतरी अडते.

आता मुख्य गोष्ट. दवंडी गावाच्या वेशीबाहेर जात नाही. ॲपलच्या रीतीतली हाक २२४.०.०.२५१ या खास पत्त्यावर दिली जाते, आणि त्या पत्त्यावरचा निरोप राउटरने पलीकडे सोडायचा नाही असा नियमच आहे. नियम योग्य आहे. प्रत्येक कचेरीतली हाक वेशीबाहेर जाऊ लागली तर कोलाहलाला पारावार राहणार नाही. पत्राचे मात्र तसे नाही. पत्रावर पत्ता असतो, म्हणून वाट मोकळी असेल तर ते वेस ओलांडूनही जाते. दवंडी आणि पत्र यांतला हा फरक ध्यानात ठेवलात, की निम्मे निदान आपले आपल्याला करता येते.

तेव्हा पहिली तपासणी अशी: प्रिंटर छापतच नाही, की छापू शकतो पण सापडत नाही? बहुतेक प्रिंटरांना स्वतःच्या माहितीचा एक कागद छापता येतो. लहान पडदा असेल तर त्यातल्या नेटवर्कच्या यादीत तो पर्याय असतो. पडदा नसेल तर एखादे बटण थोडा वेळ दाबून धरावे लागते. कोणते, ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. हा कागद नीट निघाला, म्हणजे शाई, कागद, रोलर सारे ठीक आहे. शिवाय त्या कागदावर दोन मोलाच्या गोष्टी मिळतात: प्रिंटर कोणत्या वायफायला जोडलेला आहे त्याचे नाव, आणि त्याचा आयपी पत्ता. आयपी पत्ता म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे.

मग कॉम्प्युटरचा पत्ता पाहा आणि दोन्ही शेजारी लिहून काढा. लहान कचेऱ्यांतून बहुधा पहिले तीन आकडे सारखे असले म्हणजे दोघे एकाच गावचे, असे समजायला हरकत नाही. प्रिंटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि त्याने स्वतःचा स्वतः एक धरून ठेवला आहे, असे समजावे. केबल निसटली असेल, किंवा वायफायचा मेळ बसला नसेल. आधी ते पाहावे.

वकीलसाहेबांच्या कचेरीत प्रिंटरचा पत्ता निघाला १९२.१६८.१.२५ आणि आतल्या कॉम्प्युटरचा १९२.१६८.०.१०. तिसरा आकडा निराळा! दोन खोल्यांची कचेरी, पण गावे दोन. उलगडा लगेच झाला. आतल्या खोलीत वायफाय नीट येत नाही म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाजारातून दुसरा राउटर आणून बसवला होता. बाहेरच्या राउटरची केबल त्याच्या इंटरनेटच्या भोकात खोचली होती. असे केले म्हणजे तो आतल्या खोलीभोवती स्वतःची वेस उभी करतो. इंटरनेट चालते, ईमेल येते, म्हणून कोणाला शंका येत नाही. फक्त दवंडी बाहेरच्या खोलीत पोचत नाही. दोन महिने कारकून बाहेरच्या कॉम्प्युटरवरून छापत होते. त्या दिवशी नेमका तो दुसऱ्या कामात अडकला होता, म्हणून दुखणे उघडे पडले.

अशा वेळी गंमत पाहा. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत प्रिंटरचा पत्ता टाकून आम्ही एंटर दाबले, तर प्रिंटरचे स्वतःचे पान झटकन उघडले! दवंडी पोचत नव्हती, पत्र पोचत होते. (हे पान उघडताना काही वेळा ब्राउझर असुरक्षिततेचा इशारा देतो, प्रिंटर आपल्याच खोलीतला आहे अशी खात्री असेल तर घाबरण्याचे कारण नाही.) ही चाचणी फार उपयोगाची आहे. पान उघडले, तर प्रिंटर आपोआप सापडण्याची वाट पाहत बसू नका. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना स्वतः माहिती भरण्याचा जो मार्ग असतो तो घ्या आणि टीसीपी-आयपी पत्ता लिहून जोडा. मॅकवरही आयपी पत्ता देऊन जोडण्याची सोय आहे. पान उघडले नाही, तर अडथळा दवंडीपुरता नाही, वाटच बंद आहे.

एक खबरदारी. हे पत्र आतल्या राउटरमधून बाहेर जाऊ शकते. उलट, बाहेरून आत सहसा जाऊ शकत नाही. म्हणजे प्रिंटर आतल्या खोलीत असता आणि कॉम्प्युटर बाहेर, तर पत्ता लिहूनही काम झाले नसते. म्हणून खरा उपाय वेस काढण्याचा. बऱ्याच राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून वागण्याची सेटिंग असते. ती लावली, की दुसरा राउटर फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटण्याचे काम पहिल्याकडेच राहते आणि दोन्ही खोल्या एका गावच्या होतात.

वाट बंद असण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे पाहुण्यांचे वायफाय. दवाखान्यात, सल्लागारांच्या कचेरीत येणाऱ्यांसाठी निराळे नाव देऊन ते ठेवतात. त्याला जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी किंवा आतल्या यंत्रांशी बोलू द्यायचे नाही, हाच त्याचा हेतू असतो. कचेरीतला कोणी चुकून त्यावर गेला, किंवा बसवताना प्रिंटरच त्यावर जोडला गेला, की शोध संपलाच. जोडणी बदलावी, पण पाहुण्यांना छापता यावे म्हणून भिंत पाडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला आधार कार्डाची प्रत हवी असेल तर त्याने ईमेलने पाठवावी, आपण छापून द्यावी.

विंडोजला आपण कुठे बसलो आहोत हेही सांगावे लागते. नव्या वायफायला जोडताना जाळे 'सार्वजनिक' धरले गेले, तर विंडोज आपले दार लावून घेते आणि शोध बंद ठेवते. स्टेशनावर किंवा हॉटेलात ते योग्यच आहे. स्वतःच्या कचेरीत मात्र ते 'खासगी' करून घ्यावे. एवढे न करता पुष्कळजण वैतागून फायरवॉलच बंद करतात. दाराची कडी लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे आहे ते. घरून काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल, तर तेही क्षणभर बंद करून पाहावे.

इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला, आणि त्या दिवसापासून प्रिंटर गायब, ही तक्रार तर घरोघर ऐकू येते. मोबाइलना नवा पासवर्ड दिला, कॉम्प्युटरना दिला. प्रिंटरला कोणी सांगितले नाही. तो बिचारा जुन्याच वायफायची वाट पाहत बसलेला असतो. नव्या राउटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर ही कटकट बहुधा टळते. शिवाय स्वस्त प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. नव्या राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्झचे ठेवले असेल, तर त्यांना ते नावसुद्धा दिसत नाही.

सर्वांत छळणारा आजार येऊन-जाऊन असणारा. सकाळी दिसतो, दुपारी नाही. बंद-चालू केला की पुन्हा दिसतो. लोकांना वाटते यंत्र सडले. खरी गोष्ट अशी की चालू होताना प्रिंटर स्वतःच आपण आल्याची द्वाही फिरवतो, म्हणून तेव्हा तो सर्वांना कळतो. ती आठवण कॉम्प्युटर कायमची ठेवत नाही. नियमांत शिफारस केलेली मुदत यंत्राच्या पत्त्यासाठी १२० सेकंदांची आहे, इतर बहुतेक माहितीसाठी ७५ मिनिटांची. मुदत संपली की पुन्हा हाक घालावी लागते, आणि ती वाटेत हरवत असेल तर प्रिंटर नाहीसा होतो. हरवते कशी? राउटर जेव्हा हवेतून सर्वांना उद्देशून निरोप सोडतो, तेव्हा त्याला पोच मिळत नाही. साध्या टपालासारखे गेले तर गेले. गर्दीच्या वायफायवर असे निरोप गळतात. काही राउटर आणि स्विच 'आयजीएमपी स्नूपिंग' नावाची काटकसर करतात, म्हणजे अशा हाका गरजेपुरत्याच पुढे सोडतात. त्यात चूक झाली तर प्रिंटरला काहीच ऐकू येत नाही. ती सेटिंग बदलून पाहावी. जमत असेल तर प्रिंटर वायफायऐवजी केबलनेच राउटरला जोडावा.

याचाच जुळा भाऊ म्हणजे पत्ता बदलणे. राउटर लॉजच्या मॅनेजरप्रमाणे पत्ते मुदतीवर देतो. प्रिंटर शनिवार-रविवार बंद राहिला, तर सोमवारी त्याला दुसरी खोली मिळू शकते, आणि कॉम्प्युटर जुन्या खोलीचे दार ठोठावत 'ऑफलाइन' म्हणत बसतो. पत्ता लिहून प्रिंटर जोडला असेल तर ही काळजी आधी घेतली पाहिजे. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक पत्त्याला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या क्रमांकाला, एक आयपी पत्ता राखून ठेवता येतो. तो क्रमांक मघाच्या कागदावर असतोच. प्रिंटरमध्ये मनानेच एखादा पत्ता ठोकून देऊ नका. राउटरने तोच दुसऱ्याला दिला तर दोघांची टक्कर होईल.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. घरून कचेरीतला प्रिंटर दिसावा म्हणून राउटरमध्ये इंटरनेटकडून थेट वाट उघडून देऊ नका. २०१८ च्या अखेरीस एका व्यक्तीने असे उघडे पडलेले प्रिंटर शोधून त्यांवर एका यूट्यूब वाहिनीच्या प्रचाराची पत्रके छापून काढली होती. ५० हजार प्रिंटर गाठल्याचा त्याचा दावा होता. त्याने कागदच वाया घालवले; दुसरा कोणी त्यावर थांबेलच असे नाही. वकिलाच्या कचेरीतल्या प्रिंटरमधून कोणाकोणाचे दस्त जातात, याचा विचार करा.

मोबाइलबद्दल थोडेच. आयफोनवर २०२० पासून, प्रिंटर कंपनीच्या ॲपला जवळच्या जाळ्यात डोकावायची परवानगी विचारली जाते. घाईत 'नको' म्हटले गेले असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी. आणि फोन मोबाइल डेटावर नसून कचेरीच्या वायफायवर आहे ना, हे आधी पाहावे. हसू नका, यात दिवस गेलेले मी पाहिले आहेत.

वकीलसाहेबांकडे दुसऱ्या दिवशी दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट केला आणि प्रिंटरला पत्ता राखून दिला. तासभर लागला, त्यातली चाळीस मिनिटे राउटरचा पासवर्ड कोणाजवळ आहे हे शोधण्यात गेली. तो आता एका वहीत लिहून कपाटात कुलपाखाली ठेवला आहे. प्रिंटरच्या कुशीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: वायफायचे नाव आणि चार आकड्यांचा पत्ता. नव्या प्रिंटरची ऑर्डर रद्द झाली.