गाठ लपवू नका, प्रश्न गिळू नका

गेल्या वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन संपले, वंदना झाली, बाया चपला घालून बाहेर पडल्या. एक मावशी मात्र उगाच सतरंज्यांच्या घड्या करीत मागे रेंगाळल्या. शेवटी आमच्यापैकी एकीचा हात धरून हळूच म्हणाल्या, "पोरी, छातीत गाठ आहे. दुखत नाही, म्हणून कोणाला बोलले नाही." किती दिवसांपासून? "माघ पौर्णिमेपासून असेल." म्हणजे सहा महिने!

अधिक विचारले तेव्हा कळले की मावशी अगदीच गप्प बसल्या नव्हत्या. एकदा त्या एकट्याच शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या. तीन तास रांगेत उभ्या राहिल्या. तपासताना पडदा नीट ओढलेला नव्हता. डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत काही लिहिले, "मॅमोग्राफी आणि बायोप्सी करून या," असे सांगितले आणि पुढचा नंबर पुकारला. "साहेब, मला झालंय काय?" या प्रश्नाला "रिपोर्ट आल्यावर बघू" एवढेच उत्तर मिळाले. घरी आल्यावर शेजारणीने सांगितले, "सुई टोचली की गाठ अंगभर पसरते." मग ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या डब्यात गेली आणि तिथेच राहिली.

भगिनींनो, मावशींचे हे सहा महिने कोणी खाल्ले? डॉक्टरांपुढे शंभर रुग्णांची रांग होती, हे आम्ही जाणतो. पण दोन वाक्ये मराठीत नीट सांगितली असती तर ती चिठ्ठी डब्यात गेली नसती. आणि आपणही डॉक्टरांपुढे मान खाली घालून "हो साहेब" म्हणायची सवय सोडली पाहिजे. ज्या समाजाने पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्या समाजातल्या बाईने स्वतःच्या शरीराबद्दल प्रश्न विचारायला का भ्यावे?

आजार काय आहे?

स्तनांचा कर्करोग हा आज भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक अंदाजानुसार 2022 साली आपल्या देशात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि 98 हजारांच्या वर स्त्रिया दगावल्या. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधीच्या वयात दिसतो. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम एकीने स्तनांची तपासणी कधी तरी करून घेतलेली आढळली.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक गाठी साध्या असतात. दुसरी गोष्ट, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणून "दुखत नाही, म्हणजे काही नाही" हा समज घातक आहे. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी पडणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी होणे, बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, बोंडावरची न भरणारी जखम, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवा. सुई टोचल्याने किंवा तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. गाठ कसली आहे हे त्या तपासणीवाचून कळतच नाही, आणि ते कळल्यावाचून योग्य उपचार ठरत नाही.

मुंबईच्या वस्त्यांनी दाखवलेली वाट

तपासणी म्हटले की महागडे यंत्र डोळ्यांपुढे येते. पण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 साली झोपडपट्ट्यांमधून एक मोठा अभ्यास सुरू केला. 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, असे चार वेळा केले. या सेविका डॉक्टर नव्हत्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात आजार अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

यातून आम्ही एक धडा घेतो. ज्या बाईच्या बोलीत बोलता येते, जिच्यापुढे पदर बाजूला करताना जीव आक्रसत नाही, अशी शिकलेली बाई दारात आली की वस्तीतल्या बाया तपासून घेतात.

सरकारने 2016 साली ठरवलेल्या धोरणानुसार 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे. आरोग्य उपकेंद्रात, म्हणजे ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, ती मोफत आहे. आपल्या आशाताईंना विचारा. पण तपासणीत काही निघाले नाही म्हणून पुढे गाठ लागली तर दुर्लक्ष करू नका. आणि आधीच गाठ लागली असेल तर पाच वर्षांचा हिशोब न पाहता लगेच जा.

डॉक्टरांशी कसे बोलावे?

एकटे जाऊ नका. मुलगी, सून, जाऊ किंवा मंडळातली कोणी बरोबर न्या. गाठ कधी लागली, वाढली का, घरात आई, बहीण, मावशी यांना हा आजार होता का, चालू गोळ्या कोणत्या, हे कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या नातीकडून लिहून घ्या.

मग चार प्रश्न विचारा. मला काय झाल्याची शंका आहे? ही तपासणी कशासाठी आहे? रिपोर्ट कधी आणि कोणाकडून मिळेल? तोवर काही वाढले तर कोणाकडे यायचे? उत्तर समजले नाही तर सरळ म्हणा, "डॉक्टरसाहेब, मी घरी जाऊन काय सांगू ते तुम्हाला म्हणून दाखवते, चुकलं तर सांगा." या एका वाक्याने पुष्कळ गोंधळ टळतो.

हे उपकार मागणे नव्हे. आजाराची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळणे, पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे आणि तपासणी आडोशाला होणे, हे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. दवाखान्यातील नोंदी मागितल्यास 72 तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा 2002 चा नियम आहे. खर्चाच्या धाकाने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत आणि धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात. तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करा.

मावशींचे पुढे काय झाले?

आम्ही दोघी त्यांच्याबरोबर गेलो. दुसरा दवाखाना, दुसऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी पडदा ओढला, मावशींना बसवले आणि कागदावर चित्र काढून गाठ कुठे आहे, सुईने काय काढणार ते समजावले. रिपोर्ट आला. कर्करोगच होता आणि काखेपर्यंत पोहोचला होता. मावशी रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "बाई, आता पुढचं सांगा." मुलाला त्याच दिवशी सांगितले, तो आता दर वेळी रिक्षातून घेऊन जातो. औषधोपचार चालू आहेत. केस गेले, पण रविवारची वंदना त्यांनी चुकवलेली नाही.

आजारी भिक्खू एकटाच घाणीत पडलेला पाहून तथागतांनी त्याला स्वतःच्या हातांनी धुतले आणि संघाला रुग्णसेवेची आठवण दिली, ही कथा आपण विहारात ऐकतो. कालामांना त्यांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या असे सांगितले, तेही ऐकतो. शेजारणीची सुईची गोष्ट पारखून घेणे आणि आजारी बहिणीबरोबर रांगेत उभे राहणे, हा त्याच धम्माचा आचार नव्हे काय?

प्रत्येक महिला मंडळाने येत्या पौर्णिमेला एवढेच करावे. आशाताईंना विहारात बोलवावे, तिशीवरच्या बायांची यादी करावी आणि जी बाई सतरंज्यांच्या घड्या करीत मागे रेंगाळते, तिच्याजवळ थोडा वेळ थांबावे.

जयभीम!