नाव का झाकले, ते पाहा!

आज घरोघरी मोबाईल आहे आणि इंटरनेटवर कोणीही खोटे नाव घेऊन लिहू शकतो. कोणी या आडोशाने मुलींना घाणेरडे लिहितो, कोणी जातीवरून शिव्या देतो. मग लोक विचारतात, सरकार खरे नाव सक्तीचे का करीत नाही? वाचकहो, एका देशाने हे करून पाहिले आहे.

दक्षिण कोरियात २००७ साली असा कायदा आला. मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी प्रत्येकाने आपली खरी ओळख पटवून द्यायची. हेतू चांगला होता. पण शिवीगाळ फारशी थांबली नाही. लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले. त्यातच २०११ साली एका मोठ्या चोरीत सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरांच्या हाती गेली. अखेर २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने ही सक्ती रद्द केली.

आपल्याकडे तर आडनाव सांगताच जात विचारावी लागत नाही. मालकाचा अन्याय सांगणारा कामगार, घरातला मार सोसणारी भगिनी, वसतिगृहातला छळ मांडणारा विद्यार्थी यांनी नाव उघड केले तर नोकरी, निवारा, शिक्षण सारेच धोक्यात येते. त्यांच्यासाठी झाकलेले नाव ही ढाल आहे. मात्र त्याच आडोशाने कोणी दुबळ्यावर वार करीत असेल, तर तो भ्याडपणा आहे.

आपला कायदाही हा भेद ओळखतो. नाव न सांगता मत मांडणे हा गुन्हा नाही. पण नाव लपवून धमकी दिली, तर भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाप्रमाणे मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय नाव खोटे असले तरी फोनच्या नोंदी मागे राहतात आणि पोलीस त्यावरून माग काढू शकतात.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, मुलांना एवढे जरूर शिकवा : बलवानाच्या भीतीने नाव झाकणे वेगळे आणि आपल्याच शब्दांची लाज वाटते म्हणून झाकणे वेगळे. आणि आपल्या मुलीला धमकी आली, तर तिच्यावर रागावू नका, तिचा मोबाईल काढून घेऊ नका. मजकूर पुसू नका, त्याचा फोटो ठेवा आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जा. आपण गप्प बसलो, तरच अशा निनावी गुंडांचे फावते.