कोषातला धागा, टाचेतली नस

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीच्या शिवारात मधूनच तुतीचा पट्टा लागतो, आणि त्याच्या कडेला अळ्यांचं संगोपनगृह. चॉकी, म्हणजे लहान वयातल्या, अळ्या इथे येतात, पाल्याचा फडशा पाडतात, कात टाकतात आणि महिन्याच्या आत कोष विणायच्या जाळीवर, चंद्रिकेवर, चढतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत एकेक अळी स्वतःभोवती अखंड धागा गुंडाळते. बायव्होल्टाइन जातीच्या चांगल्या कोषातून हजार मीटरहून लांब धागा निघतो. पूर्वी मराठवाड्याचे कोष विकायला कर्नाटकातलं रामनगर गाठावं लागे. 2018मध्ये जालन्यात कोषबाजार सुरू झाला.

पुढे हा धागा साडीत जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची दुसरी एक वाट मात्र माणसाच्या गुडघ्यात आणि टाचेत शिरते.

स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या पांढऱ्या दोराला वैद्यकात कंडरा म्हणतात. बोलताना आपण सरळ नस म्हणतो. हा दोर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. तंतूंचे जुडगे, जुडग्यांचे मोठे जुडगे, आणि सगळे जवळजवळ एकाच दिशेला. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालून क्षणात दिशा बदलणाऱ्या खेळाडूच्या टाचेवर येणारा ताण तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो. 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे धाराशिवची, तेव्हा या ताणाबद्दल इथल्या मैदानांना वेगळं सांगायला नको. अडचण अशी की कंडरेत पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा तुटपुंजा. ती तुटली तर जुळते सावकाश, आणि जुळलेल्या जागी तंतू अस्ताव्यस्त राहतात. मूळची ताकद सहसा पुरती परत येत नाही.

मग नवा दोर का बसवू नये? बसवून पाहिले आहेत. 1970 आणि 80च्या दशकांत गुडघ्यात हाडाला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधासाठी कार्बनचे, गोअर-टेक्सचे, पॉलिस्टरचे दोर वापरले गेले. ताकदीत ते कमी नव्हते, पण शरीर स्वतःची डागडुजी करतं तशी त्यांना करता येत नव्हती. काही वर्षांत ते झिजले, तुटले. झिजलेल्या कणांनी सांधे सुजले. तेव्हापासून संशोधकांनी विचार उलटा केला: दोर कायमचा नको, आधारापुरता हवा. पेशींनी त्यावर चढावं, स्वतःचं कोलॅजेन विणावं आणि तोवर आधारानं हळूहळू विरून जावं. सगळी गोम या वेगात आहे. लवकर विरघळला तर नवी ऊती ताणाखाली फाटते. फार टिकला तर सगळा भार तोच पेलतो आणि नवी ऊती कच्चीच राहते.

इथे रेशीम उपयोगी पडतं. धाग्यावरचा चिकट थर, सेरिसिन, सोड्याच्या गरम द्रावणात काढून टाकला की फायब्रॉइन उरतं. हा थर राहिला तर शरीराची प्रतिक्रिया उठू शकते. शरीरात फायब्रॉइनची ताकद महिन्यामहिन्यानं उतरते, साधारण वर्षभरात बहुतेक संपते. कंडरेच्या संथ गतीला हे जुळतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात ग्रेगरी ऑल्टमन, डेव्हिड कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी 2002मध्ये पिळाच्या तारेच्या दोराची रचना घेऊन रेशमी अस्थिबंध मांडला. त्या वाटेवरच्या रेशमी दोराच्या चाचण्या नंतर शेळ्यांच्या गुडघ्यांवर झाल्या. उस्मानाबादी शेळीच्या जिल्ह्यात ही गोष्ट सांगितली तर लोक हसून ऐकतील, पण शेळीचा गुडघा या कामात प्रयोगशाळांच्या रोजच्या ओळखीचा आहे.

दोराच्या पिळाइतकीच तंतूंची दिशा महत्त्वाची. विद्युत दाबाखाली द्रावणातून केसाहून कितीतरी बारीक तंतू ओढण्याची एक पद्धत आहे, इलेक्ट्रोस्पिनिंग. तंतू एका रेषेत मांडले की पेशीही लांबट होऊन त्याच दिशेने कोलॅजेन टाकतात. विस्कटलेल्या जाळीवर त्या विस्कटतात. मलमपट्टीला विस्कटलेली जाळी चालेल, कंडरेला नाही.

महाराष्ट्राकडे आणखी एका जातीचं रेशीम आहे. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसरच्या प्रथिनात पेशींना चिकटायला सोयीचे अमिनो आम्लांचे छोटे क्रम सापडतात. तुतीच्या रेशमात ते नाहीत. पण टसरचं द्रावण करणं अवघड, म्हणून बहुतेकांचा ओढा तुतीकडेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमाच्या प्रथिनावर काम केलं आणि त्यातून सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. त्यांचा भर हाडातली पोकळी भरण्यावर आहे. हाड बरं होण्यात कंडरेपेक्षा उदार असतं, तेव्हा सुरुवात तिथून होणं रास्तच.

बाजारात कोषाचा भाव टरफलाच्या जाडीवर आणि धाग्याच्या प्रतीवर ठरतो. शरीरात जाणाऱ्या मालाला मात्र वेगळे प्रश्न विचारावे लागतील: कोणत्या बॅचचा, तुतीवर फवारणी कशाची, चुना कधी टाकला. आणि ही नोंद संगोपनगृहाच्या दारातच ठेवावी लागेल.