जुनी केस दिसली म्हणून भाडेकरूला नकार? अमेरिकेत घर भाड्याने देण्याआधी हे वाचा



अमेरिकेत नोकरी सांभाळून दुसरं घर घ्यायचं आणि ते भाड्याने द्यायचं, असा विचार तुमच्या डोक्यात असेल तर आजचा विषय तुमच्यासाठी आहे. घर भाड्याने देणं हाही धंदाच. आणि या धंद्यात गिऱ्हाईक कसं निवडायचं, यालाही कायदा आहे.

तिकडे भाडेकरू ठेवण्याआधी घरमालक स्क्रीनिंग कंपनीकडून रिपोर्ट मागवतात. त्यात अर्जदाराचा क्रेडिट स्कोअर असतो आणि त्याला घराबाहेर काढण्यासाठी पूर्वी कोणी कोर्टात केस केली होती का, हेही असतं. बरेच मालक सरळ हिशोब करतात : केस दिसली की नकार!

पण केस दाखल होणं म्हणजे केस हरणं नव्हे. समजा, एकाचा पगार लांबला, भाडं थकलं, मालकाने केस टाकली. पंधरा दिवसांत त्याने सगळे पैसे भरले आणि केस रद्द झाली. दुसरा तर कोर्टात चक्क जिंकला. तरी दोघांच्या नावापुढे ती केस राहतेच आणि पुढचं घर मिळणं अवघड होतं. म्हणून कायद्याने मर्यादा घातल्या.

देशभर : १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टनुसार ७ वर्षांपेक्षा जुन्या अशा केसेस साधारणपणे रिपोर्टमध्ये देता येत नाहीत. रिपोर्टमुळे नकार दिलात, तर अर्जदाराला तसं कळवावं लागतं आणि कंपनीचं नावही सांगावं लागतं. तो ६० दिवसांत रिपोर्टची मोफत प्रत मागू शकतो आणि चूक असेल तर हरकत घेऊ शकतो.

ओरेगॉन : रद्द झालेली किंवा भाडेकरूने जिंकलेली केस, तसंच ५ वर्षं उलटून गेलेला निकाल मालकाने विचारात घ्यायचा नाही.

कॅलिफोर्निया : २०१७ पासून, केस दाखल झाल्यावर ६० दिवसांत मालक जिंकला नाही तर तिचं रेकॉर्ड साधारणपणे लोकांसाठी बंदच राहतं.

न्यूयॉर्क : २०१९ पासून, भाड्याची जुनी किंवा चालू केस आहे म्हणून नकार देता येत नाही. दंड ५०० ते १००० डॉलर. केसची माहिती काढून मग नकार दिलात, तर तो केसमुळेच दिला असं धरलं जातं. दुसरं कारण होतं, हे तुम्ही दाखवायचं.

रिपोर्ट तरी बिनचूक असतात का? ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रान्सयुनियनने सरकारी यंत्रणांशी १.५ कोटी डॉलरची तडजोड केली. भाडेकरूंच्या रिपोर्टमधल्या केसेसची माहिती अचूक ठेवण्याची पुरेशी काळजी घेतली नाही, असा आरोप होता.

आता तुम्ही म्हणाल, "सर, भाडं बुडालं तर बँकेचा हप्ता माझ्याच खिशातून जाणार ना?" अगदी बरोबर. डोळे मिटून घर द्या असं कायदाही म्हणत नाही. म्हणून एवढं करा :

१. निकष आधीच कागदावर लिहा : उत्पन्न किती हवं, मागच्या मालकाला काय विचारायचं. सगळ्या अर्जदारांना तेच लावा.

२. तुमच्या राज्याचा आणि शहराचा नियम स्थानिक वकिलाकडून समजून घ्या.

३. जिथे केस बघायला परवानगी आहे, तिथे ती किती जुनी आणि निकाल काय लागला ते बघा. अर्जदाराचं म्हणणंही ऐका.

४. नकार द्यायचाच असेल, तर कारणासकट लेखी द्या आणि प्रत जपून ठेवा.

केसचा निकाल न बघता नकार दिलात, तर वेळेवर भाडं देणारं गिऱ्हाईक हातचं जाऊ शकतं, आणि काही ठिकाणी वर दंडही भरावा लागतो. त्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील.

तुमचं घर कोणत्या राज्यात आहे किंवा कुठे घ्यायचा विचार आहे, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!