गम बायक्रोमेट छपाईतील रंगद्रव्ये

गम बायक्रोमेट ही छायाचित्रे छापण्याची एक जुनी, हाताने करावयाची पद्धत आहे. बाभूळवर्गीय झाडांचा डिंक, पोटॅशियम डायक्रोमेट व रंगद्रव्य यांचे मिश्रण कागदावर लावून त्यावर निगेटिव्ह ठेवतात. अतिनील प्रकाश लागलेला डिंक कठीण होऊन रंग धरून ठेवतो. उरलेला पाण्यात धुऊन जातो. आल्फोन्स पॉयटव्हँ यांनी १८५५ मध्ये या तत्त्वाचा पाया घातला. चित्र चांदीचे नसून रंगद्रव्याचे असल्याने त्याचे आयुष्य रंगद्रव्यावरच अवलंबून असते.

ओळख

जलरंगाच्या ट्यूबवरील नाव फसवे असू शकते. ‘सॅप ग्रीन’ हे बहुधा मिश्रण असते, तर ‘ह्यू’ हा शब्द मूळ द्रव्याऐवजी पर्याय वापरल्याचे सुचवतो. खरी ओळख कलर इंडेक्स संकेतातून पटते: पीबी १५ म्हणजे थॅलोसायनिन निळा, पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन.

हीच द्रव्ये वाहनांच्या रंगांतही वापरली जातात, कारण गाडीला वर्षानुवर्षे उन्हात राहायचे असते. पिंपरी-चिंचवड व चाकण हा तर वाहननिर्मितीचाच पट्टा. रंगद्रव्ये बनवणाऱ्या सुदर्शन केमिकलचे मुख्यालय पुण्यात असून तिचे कारखाने रोहा व महाड येथे आहेत. मात्र गाडीचा रंग छपाईस निरुपयोगी ठरतो. त्यातील राळ डिंकाच्या पाण्यात मिसळत नाही आणि गाडीवरील रंगसंकेत छटा सांगतो, द्रव्य नव्हे. चमकदार छटांतील अभ्रक व ॲल्युमिनियमचे कण पारदर्शक थरही देत नाहीत.

निवड

तिरंगी छपाईत थरावर थर चढतात, म्हणून पारदर्शक द्रव्ये घ्यावीत. अपारदर्शक कॅडमियम रंग खालचा थर झाकतात. अलिझरिन किरमिजी, म्हणजे पीआर ८३, प्रकाशात फिकटतो. थॅलो निळा इतका जोरकस असतो की तो अगदी थोडाच घ्यावा लागतो.

रंग कागदावर डाग सोडतो का, हे आधी तपासावे. केवळ डिंक व रंग घेऊन केलेली जुनी चाचणी दिशाभूल करते. डायक्रोमेट घातलेला थर वेगळा वागतो. पूर्ण मिश्रणाची पट्टी अर्धी झाकून प्रकाशात ठेवावी व धुवावी. झाकलेला भाग पांढरा राहिला, तर द्रव्य त्या कागदाला चालते.

सुरक्षितता

डायक्रोमेटमधील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने हातमोजे आवश्यक आहेत, आणि भुकटी रंग वापरताना मुखपट्टीही. धुण्याचे पाणी गटारात सोडू नये. या परिसरातून पवना व इंद्रायणी वाहतात. सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियमचे कमी विषारी त्रिसंयुजी रूप होते, तरी तो कचरा घातक म्हणूनच वेगळा साठवावा लागतो.