हॉटेलचे बुकिंग, रद्द करण्याचे नियम आणि नेहमीचे गिऱ्हाईक

कापडाच्या धंद्यात फिरतीशिवाय चालत नाही. भिवंडी-मालेगावचा व्यापारी सुरतला जातो, इचलकरंजीचा मुंबईला येतो, कोणी दिल्ली-जयपूरच्या बाजारात माल बघायला जातो, तर काहीजण चीनमधल्या ग्वांगझोऊच्या व्यापारी मेळ्यापर्यंत पोहोचतात. रेल्वेभाडे, हमाली, ट्रान्सपोर्ट यांचा हिशेब आपण पैशापर्यंत ठेवतो. पण हॉटेलचे बुकिंग करताना मात्र भाव विचारतो आणि पैसे भरून मोकळे होतो. पुढे माल तयार नसल्याचा निरोप येतो, घरात आजारपण निघते किंवा पार्टी तारीख बदलते. मग बुकिंग रद्द करायला जावे तर उत्तर मिळते, "पैसे परत मिळणार नाहीत." त्यावर आपला माणूस म्हणतो, "अहो, मी दहा वर्षांपासून तुमच्याकडे उतरतो!" आणि वाद सुरू होतो.

या वादाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. बुकिंग रद्द करण्याचा नियम ही एक गोष्ट आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सवलत ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे करार, दुसरी म्हणजे मर्जी. मर्जीच्या भरवशावर कराराकडे दुर्लक्ष केले की नुकसान आपलेच होते.

हॉटेलवाला पैसे का कापतो?

आधी समोरच्याची बाजू समजून घेऊ. आपल्या दुकानातला तागा आज विकला गेला नाही तर उद्या विकला जाईल. फार तर भाव थोडा पडेल. हॉटेलच्या खोलीचे तसे नसते. सोमवारची रात्र रिकामी गेली की ती मंगळवारी विकता येत नाही. वीज, नोकरांचा पगार, जागेचे भाडे मात्र चालूच राहते. तुमच्यासाठी खोली अडवून ठेवली, दुसरे गिऱ्हाईक परत पाठवले आणि तुम्ही आलाच नाहीत, तर त्याचे नुकसान खरे असते. म्हणून किती तास आधी कळवले तर पूर्ण पैसे परत मिळतील आणि त्यानंतर किती कापले जातील, हे तो ठरवून ठेवतो.

ही मुदत गेल्या काही वर्षांत लांबत गेली आहे. मॅरियट या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या बहुतेक हॉटेलांत २०१४ पर्यंत, उतरायच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवले तरी चालत असे. २०१५ पासून आदल्या रात्री बारापूर्वी कळवणे आले. २०१७ साली अमेरिकेतल्या हॉटेलांसाठी ४८ तासांचा नियम आला आणि त्याच वर्षी हिल्टननेही तसेच केले. कारण उघड होते. लोक आधी एक खोली अडवून ठेवत, तारीख जवळ आली की स्वस्त खोली शोधत आणि पहिली रद्द करत. ऐनवेळी रिकामी झालेली खोली भरणे अवघड जाते. हा नियम नव्या-जुन्या सर्वच गिऱ्हाइकांना लागू झाला, वर्षानुवर्षे उतरणाऱ्यांनाही.

बुकिंगचे प्रकार ओळखा

एकाच खोलीचे साधारण दोन भाव असतात. एक थोडा जास्त. त्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत बुकिंग रद्द करता येते. दुसरा स्वस्त; त्यात पैसे आगाऊ भरायचे आणि काही झाले तरी परत मागायचे नाहीत. स्वस्त भावात आपण खोलीबरोबर जोखीमही विकत घेतो, हे ध्यानात ठेवावे.

यात फायदा कशात आहे, हे साध्या हिशेबाने काढता येते. समजा, परत न मिळणारा भाव २,००० रुपये आहे आणि रद्द करता येणारा भाव २,४०० रुपये. तुम्ही वर्षात सहा फेऱ्या ठरवल्या आणि त्यातली एक रद्द झाली. स्वस्त भावात सहा वेळचे मिळून १२,००० रुपये गेले. महाग भावात वेळेत रद्द केलेली फेरी वजा जाता पाच वेळचे १२,००० रुपयेच गेले. म्हणजे सहात एक फेरी चुकत असेल तर दोन्ही सारखेच. त्याहून जास्त फेऱ्या रद्द होत असतील तर महाग दिसणारा भावच स्वस्त पडतो. फेऱ्या सहसा चुकत नसतील तर स्वस्त भाव घ्यावा. आपल्या मागच्या वर्षीच्या फेऱ्या मोजून हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

आणखी एक फरक आहे. पैसे किंवा कार्डाची हमी न देता फोनवर खोली सांगून ठेवली असेल, तर बहुतेक लॉजवाले संध्याकाळपर्यंत वाट पाहतात आणि मग ती खोली दुसऱ्याला देतात. गाडी रात्री उशिरा पोहोचणार असेल तर तसे आधीच सांगून ठेवावे. हमी दिलेली खोली रात्रभर राखून ठेवली जाते. पण न कळवता गेला नाहीत तर निदान एका रात्रीचे पैसे जातात. काही ठिकाणी पहिल्या रात्री न पोहोचल्यास पुढच्या सगळ्या रात्रींचे बुकिंगही रद्द होते. म्हणून एक दिवस उशिरा जाणार असलात तरी फोन केलाच पाहिजे.

मुदत कोणत्या घड्याळाने मोजायची, हाही प्रश्न असतो. ती हॉटेलच्या गावच्या वेळेने मोजतात. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. ग्वांगझोऊच्या हॉटेलची मुदत तिथल्या संध्याकाळी सहाला संपत असेल, तर आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीनच वाजलेले असतात. तिथला मोठा मेळा वसंत आणि शरद अशा दोन हंगामांत भरतो. त्या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात आणि अटीही कडक होतात. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे बुकिंग करू नये, हा उसूल परदेशी जाणाऱ्यांनी पाळावा.

पॉइंट आणि कार्डाची गोष्ट

नेहमीच्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैलांचा हिशेब ठेवून बक्षीस देणे सुरू केले. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलांत तशा योजना आणल्या. आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या साखळीची अशी योजना आहे. खर्चाप्रमाणे पॉइंट, पॉइंटांवर फुकट रात्र आणि जास्त रात्री राहिल्यास वरचा दर्जा, असे तिचे स्वरूप असते. मॅरियटच्या योजनेत प्लॅटिनम दर्जासाठी वर्षाला ५० रात्री लागतात. त्यात खोली उशिरा सोडण्याची मुभा मिळते आणि शिल्लक असल्यास चांगली खोली मिळते. मुदत उलटल्यावरही पैसे परत मिळतील, असे मात्र त्यात कुठे लिहिलेले नाही.

या योजनांबद्दल चार गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली : पॉइंटांची किंमत देणाऱ्याच्या हातात असते. मॅरियटने २०२२ मध्ये फुकट रात्रीसाठी किती पॉइंट लागतील याचा ठरीव तक्ताच काढून टाकला. आता मागणीप्रमाणे आकडा वरखाली होतो. पॉइंट म्हणजे रोकड नव्हे.

दुसरी : ते संपतात. मॅरियटमध्ये २४ महिने काही व्यवहार झाला नाही तर जमा पॉइंट बुडतात. हॉलिडे इनच्या आयएचजी कंपनीत साध्या मेंबरसाठी ही मुदत १२ महिने आहे.

तिसरी : मोबाइलवरच्या दलाल कंपनीकडून बुकिंग केले तर मोठ्या साखळ्या सहसा पॉइंट देत नाहीत आणि ती रात्रही मोजत नाहीत. शिवाय रद्द करायची वेळ आली की हॉटेल दलालाकडे बोट दाखवते आणि दलाल हॉटेलकडे. जिथे वारंवार जातो तिथे थेट बुकिंग करावे. दलालाचे कमिशन वाचत असल्याने मालकही भावात किंवा तारखेत काही सोडायला तयार असतो.

चौथी : पॉइंटांच्या मोहात रोजचे पाचशे रुपये जास्त मोजणे हा तोट्याचा सौदा आहे. भागीदारीच्या धंद्यात तर आणखी एक मसला निघतो. भाडे फर्म भरते, पॉइंट मात्र उतरणाऱ्याच्या नावावर जमा होतात. ते कोणाचे? हे भागीदारांनी आधीच बोलून ठेवावे. रक्कम लहान असली तरी यातून दिलात किंतु राहतो. पॉइंटांसाठी महाग हॉटेल निवडून बिल फर्मवर टाकणे ही तर अमानतीतली खोटच आहे.

लॉजवाल्याचा एतबार

आपल्यापैकी बहुतेकजण साखळी हॉटेलांत नव्हे, तर स्टेशनजवळच्या लॉजमध्ये किंवा मुसाफिरखान्यात उतरतात. तिथे कार्ड नसते, ओळख असते. ओळखीचा मालक ॲडव्हान्स मागत नाही, सामान ठेवून घेतो, रात्री दोनला दार उघडतो. हा एतबार कोणत्याही पॉइंटपेक्षा मोलाचा आहे. पण तो मालकाच्या किंवा मॅनेजरच्या डोक्यात असतो. मॅनेजर बदलला की दहा वर्षांची ओळख एका दिवसात पुसली जाते. म्हणून पैसे पाठवल्यावर मोबाइलवर एवढे लिहून मागावे : तारीख, भाव, किती तास आधी कळवले तर किती परत. दोन ओळी पुरतात.

नेहमीच्या गिऱ्हाइकाने मागायचे काय, हेही समजले पाहिजे. मुदत उलटल्यावर पैसे परत मागण्याऐवजी तारीख बदलून मागावी. रोख परत करणे मालकाला जड जाते. तीच रक्कम पुढच्या फेरीत वळती करणे त्याला सोपे जाते, शिवाय तुम्ही पुन्हा येणार याची खात्रीही होते. वर्षाला दहा-बारा फेऱ्या असतील तर आधीच बोलणी करावी की भाव हा, आणि वर्षातून दोनदा तारीख फुकट बदलता येईल. मर्जीचे करारात रूपांतर करण्याचा हा साधा मार्ग आहे. मात्र आपणही आपली बाजू सांभाळावी. येणार नाही हे कळताच फोन करणाऱ्याला पुढच्या वेळी सवलत मिळते. न कळवता गायब होणाऱ्याला मिळत नाही आणि मिळूही नये.

टॅक्स आणि कायदा

२२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर १८ टक्के. बुकिंग रद्द केल्यावर कापलेल्या रकमेवरही खोलीच्याच दराने जीएसटी लागतो, असा खुलासा सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये केला. कापलेल्या रकमेवर टॅक्स दिसला तर त्यावरून भांडू नये. दुसरे असे की, हॉटेल ज्या राज्यात असेल त्या राज्याचा टॅक्स लागतो. सुरतच्या हॉटेलात भरलेल्या गुजरातच्या जीएसटीची वजावट महाराष्ट्रातल्या नोंदणीवर मिळत नाही. तो खर्चच धरावा.

कापलेली रक्कम अवाच्या सवा असेल तर काय? १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे सांगते की करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी वाजवी भरपाईच मिळते, आणि ती त्या आकड्याहून जास्त नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड लावणारा करार अन्यायकारक मानला आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मात्र धंद्याच्या कामासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसते की नाही, यावर समोरचा हरकत घेऊ शकतो. रक्कम मोठी असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

बयाणा जप्त करण्याबाबत शरीअतमध्येही जुनी चर्चा आहे. इमाम अबू हनीफा, मालिक आणि शाफई यांच्या मजहबांत तो जप्त करणे जायज मानलेले नाही; इमाम अहमद यांच्याकडे जायज आहे. १९९३ साली ब्रुनेईतल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने, वाट पाहण्याची मुदत ठरलेली असेल तर, विक्रीत आणि भाड्यातही तो जायज ठरवला. ज्यांच्या स्वतःच्या धंद्यात हा प्रश्न येतो त्यांनी आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

आणि तो प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या धंद्यात येतो. ईदच्या आधी शिंप्याकडे शिलाईचा बयाणा येतो, जरीवाल्याकडे लग्नाची ऑर्डर येते, यंत्रमागवाल्याकडे तागे सांगून ठेवले जातात. गिऱ्हाईक फिरले की आपणही हॉटेलवाल्यासारखेच पैसे अडवतो, आणि तेही तोंडी नियमावर. कापड कापण्यापूर्वी किती परत, कापल्यावर किती, हे पावतीच्या मागे चार ओळींत छापून घ्यावे आणि जुन्या गिऱ्हाइकाला काय जादा मिळेल, तेही तिथेच लिहावे. हॉटेलवाल्याकडून आपण जी सफाई मागतो, ती आपल्या दुकानातही दिसली पाहिजे.